गुडघ्याचे ऑपरेशन: तपासणीपासून पुन्हा नीट चालेपर्यंत कोणती गोष्ट कधी करायची

गुडघ्याच्या दुखण्यात लोक सहसा क्रम चुकतात. एक्स-रेच्या आधी एमआरआय, व्यायामाच्या आधी इंजेक्शन, रक्तातली साखर आटोक्यात येण्याआधी ऑपरेशनची तारीख आणि ऑपरेशननंतर पाय सरळ होण्याआधी वाकवण्याची घाई. यातल्या प्रत्येक चुकीची किंमत पुढे महिनोन्‌महिने मोजावी लागते आणि यातली जवळजवळ प्रत्येक चूक टाळता येते. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिला आहे. तुम्ही सध्या ज्या टप्प्यावर असाल तिथून वाचा, पण मागचे टप्पे खरेच पूर्ण झालेत का, हे एकदा पडताळून घ्या.

## टप्पा १: आजच डॉक्टर गाठायचा की थांबता येईल?

काही गुडघे वाट पाहत नाहीत. पुढीलपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा:

- गुडघा लाल, गरम, सुजलेला आहे आणि सोबत ताप आहे. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो काही दिवसांत हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, नासवतो.
- मार लागल्यावर चार पावलेही टाकता येत नाहीत किंवा गुडघा ९० अंशांपर्यंत वाकत नाही. हाड मोडले नाही ना, हे एक्स-रे काढून पाहावे लागते. वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा वाटीवर अथवा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तरीही एक्स-रे हवाच.
- गुडघा एका कोनात अडकला आहे, काही केल्या सरळ होत नाही. आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटून सांध्यात अडकलेली असू शकते.
- जोरदार आघातानंतर पाऊल थंड पडले आहे किंवा बधिर झाले आहे.

खेळताना पाय मुरगळला, आतून 'कट्‌' असा आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर सांध्याच्या आत रक्त उतरलेले असते. गुडघ्याची हाडे आतून बांधून ठेवणारा पुढचा क्रूसीय लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटल्याची शंका अशा वेळी सर्वांत आधी घ्यायची. दुसऱ्या दिवशी हळूहळू येणारी सूज बहुधा वेगळे काही सांगत असते. म्हणून सूज किती वेळात आली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

## टप्पा २: दुखणे कुठले आहे ते पक्के करा

'गुडघा दुखतो म्हणजे झीज झाली' असे गृहीत धरून लोक थेट उपचाराला लागतात. आधी तीन गोष्टी तपासा.

सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो? झिजेच्या संधिवातात तो सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासभर किंवा जास्त टिकत असेल, हाताच्या बोटांचे सांधेही सुजत असतील, तर हा आमवात असू शकतो. तिथे आधी संधिवाततज्ज्ञ आणि रक्ततपासणी. औषधाने आजार शांत न करता ऑपरेशनचा विचार करणे चूक आहे.

खुबा तपासला का? खुब्याची झीज कित्येकदा फक्त गुडघ्यातच दुखते. पाठीवर झोपून पाय गुडघ्यात आणि खुब्यात वाकवा आणि कुणाला तरी तो हलकेच आत-बाहेर फिरवायला सांगा. जांघेत कळ आली किंवा फिरणे अडखळले, तर खुब्याचाही एक्स-रे काढायला सांगा.

एक्स-रे उभ्याने काढला का? झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट खरी असते त्यापेक्षा मोठी दिसते. शरीराचा भार पडल्यावरच हाडे किती जवळ आली आहेत ते कळते.

एमआरआयची घाई नको. चाळिशी-पन्नाशीनंतर काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही फाटलेली गादी सर्रास दिसते. अहवालात 'टेअर' हा शब्द वाचून घाबरून ऑपरेशनला तयार होणारे फार आहेत आणि मला त्यांची सर्वांत जास्त काळजी वाटते. दुखापत ताजी असेल, गुडघा अडकत असेल किंवा निसटत असेल, तर एमआरआय उपयोगी आहे. उभ्याच्या एक्स-रेत झीज स्पष्ट दिसत असेल, तर एमआरआयने निर्णय क्वचितच बदलतो.

## टप्पा ३: तीन महिने, पण खरे तीन महिने

'व्यायाम करून पाहिला, काही झाले नाही' म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारला की बहुधा दोन आठवडे, अधूनमधून, पलंगावर पडून पाय हलवणे एवढेच निघते. त्याने स्नायूची ताकद वाढत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ यायला ६ ते १२ आठवडे लागतात आणि भार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो.

1. सरळ पाय उचलणे. पाठीवर झोपा, दुसरा पाय वाकवलेला. दुखरा पाय गुडघ्यात पूर्ण ताठ करून वीतभर उचला, ५ सेकंद धरा, सावकाश खाली. उचलताना गुडघा किंचित वाकला तर तो प्रयत्न मोजू नका.
2. खुर्चीतून उठणे-बसणे. हात न टेकता. जमत नसेल तर बैठक उशीने उंच करा आणि आठवड्यागणिक कमी करत न्या.
3. बुटक्या पायरीवर चढणे-उतरणे. गुडघा आत झुकू न देता.

दिवसाआड, प्रत्येकी १० वेळा, तीन फेऱ्या. व्यायामाने थोडे दुखणे चालते. ते दुखणे २४ तासांत पूर्ववत झाले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर भार कमी करा, व्यायाम बंद करू नका.

वजन जास्त असेल तर याच काळात कमी करायला घ्या. शरीराचे १ किलो कमी झाले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास ४ किलोंनी हलका होतो. काठी वापरायची असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.

औषधात आधी वेदनाशामक मलम. पोटात घ्यायच्या गोळ्या मूत्रपिंड, जठर किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते, पण ते पुन्हापुन्हा घेतल्याने कूर्चा पातळ होते. 'वंगणाची' आणि स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटची इंजेक्शने जितक्या खात्रीने विकली जातात तितकी खात्री त्यांच्या पुराव्यात नाही.

> तारीख लिहून ठेवा: स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि सांधेरोपण (कृत्रिम सांधा बसवण्याचे ऑपरेशन) यांत किमान तीन महिन्यांचे अंतर हवे, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सर्जनने विचारले नाही तरी तारीख सांगा.

## टप्पा ४: ऑपरेशन हवे का आणि कोणते?

सांधेरोपणाचा निर्णय एक्स-रेवर होत नाही. एक्स-रेत झिजेची शेवटची श्रेणी असूनही निवांत चालणारी माणसे असतात. रात्री झोपमोड होते का, किती अंतर चालल्यावर थांबावे लागते, रोजची कोणती कामे सोडून दिलीत आणि टप्पा ३ पूर्ण करूनही हे तसेच आहे का, यावर निर्णय होतो.

दुर्बिणीने सांधा 'साफ' करणे. झिजलेल्या गुडघ्यासाठी हे करू नका. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही रुग्णांना फक्त त्वचेवर छेद देऊन आत काहीच केले नव्हते. खरी साफसफाई झालेले रुग्ण त्यांच्यापेक्षा सरस ठरले नाहीत. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनविरुद्ध ठाम शिफारस केली. अडकलेला गुडघा किंवा तरुण माणसाची दुखापतीने नुकतीच फाटलेली, शिवता येण्याजोगी गादी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे दुर्बीण गुडघा वाचवते.

एसीएलची पुनर्रचना. दिशा झटकन बदलावी लागणारे खेळ खेळायचे असतील किंवा साध्या चालण्यातही गुडघा निसटत असेल तर. बाकीच्यांनी आधी शिस्तीत फिजिओथेरपी करावी. अशी सुरुवात करणाऱ्या तरुण रुग्णांच्या एका चाचणीत पाच वर्षांनंतरही निम्म्याच्या आसपास लोकांना ऑपरेशनची गरज पडली नव्हती. इथेही क्रम महत्त्वाचा आहे: सूज उतरलेली, गुडघा पूर्ण सरळ होतोय आणि मांडीचा स्नायू जागा झालाय, हे तिन्ही झाल्यावरच ऑपरेशन. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केले तर तो पुढे आखडलेलाच राहण्याची भीती असते. आणि ऑपरेशननंतर मैदानावर परतायला किमान ९ महिने.

हाडाचा अक्ष बदलणे. वय तुलनेने कमी, झीज फक्त आतल्या बाजूला, पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला. नडगीचे हाड कापून त्याचा कोन बदलतात आणि भार चांगल्या बाजूवर जातो. स्वतःचा सांधा टिकतो.

अर्धे सांधेरोपण. झीज एकाच कप्प्यात आणि लिगामेंट शाबूत असतील तर. सावरणे लवकर होते. पण पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता पूर्ण रोपणापेक्षा जास्त: सांधेरोपणांच्या नोंदवह्यांच्या आकडेवारीनुसार २५ वर्षांनी पूर्ण सांधेरोपणे सुमारे ८२ टक्के टिकतात, अर्धी सुमारे ७० टक्के.

पूर्ण सांधेरोपण. झीज सर्वदूर असेल तर. हेही आधीच ऐकून ठेवा की ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही साधारण पाचातला एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो. झीज अजून सौम्य असताना घाई केलेले आणि अवास्तव अपेक्षा घेऊन गेलेले यांत बरेच असतात.

रोबोट वापरला की काप अधिक अचूक येतो, हे खरे. रुग्णाला त्याचा दीर्घकाळ फरक जाणवतो, हे अजून स्पष्ट सिद्ध झालेले नाही. रोबोटकडे पाहून हॉस्पिटल निवडू नका. तो सर्जन हेच ऑपरेशन नेहमी करतो का आणि त्याच्याकडे जंतुसंसर्गाचे प्रमाण किती, हे विचारा. दोन्ही गुडघे एकाच दिवशी करायचे असतील तर हृदय आणि फुप्फुसांची तपासणी आधी. वय जास्त किंवा हृदयविकार असेल तर एकेक करणे सुरक्षित.

## टप्पा ५: ऑपरेशनच्या आधीचे सहा आठवडे

तारीख मिळाली की लोक निश्चिंत होतात. खरे काम इथून सुरू होते, कारण रोपणात जंतू शिरले तर तो सांधा बाहेर काढावा लागू शकतो.

- साखर: तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, तपासा. बरेच सर्जन ती ७.५ ते ८ टक्क्यांच्या खाली मागतात. त्यापेक्षा जास्त असेल तर तारीख पुढे ढकला. यात कमीपणा काही नाही.
- रक्त: हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण शोधा. लोहाच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला आठवडे लागतात, म्हणून ही तपासणी शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.
- तंबाखू: किमान ४ आठवडे आधी पूर्ण बंद, जखम भरेपर्यंत बंदच.
- दात, त्वचा, लघवी: किडलेला दात, पायाच्या बोटांमधल्या भेगा, नखाचा संसर्ग, लघवीला जळजळ. यातले काहीही असेल तर आधी ते बरे करा.
- औषधे: सगळ्या गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञाच्या हातात द्या. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची (यातल्या काही तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात), आमवाताची. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका आणि चालूही ठेवू नका.
- व्यायाम: टप्पा ३ मधलेच, थांबवू नका. वॉकर आत्ताच आणून चालण्याचा सराव करा. भूल उतरल्यावर, वेदनेत शिकणे अवघड जाते.
- घर: हात असलेली उंच, घट्ट खुर्ची. उंच कमोड आणि धरायला दांडा. सैल पायपुसणी आणि आडव्या वायरी काढा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा. वॉकर दारातून जातो का, ते मोजून पाहा.

थांबा: गुडघ्यावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक जखमांतून जंतू शिरतात. ऑपरेशनच्या आठवड्यात पायावर ओरखडा, फोड किंवा ताप आला तर लपवू नका, फोन करा.

उपाशी राहण्याबद्दल साधारण नियम: घन अन्न ६ तास आधी बंद, साधे पाणी २ तास आधीपर्यंत. तुमच्या भूलतज्ज्ञाने वेगळे सांगितले असेल तर तेच पाळा.

## टप्पा ६: हॉस्पिटलमध्ये

बहुतेकांना त्याच दिवशी किंवा २४ तासांत उभे करतात. घाबरू नका. रोपण पहिल्या दिवसापासून भार पेलते. पण ब्लॉकमुळे, म्हणजे नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनमुळे, मांडी बधिर असेल तोवर एकट्याने उठायचे नाही. पडणे बहुतेक इथेच होते.

जागे असताना दर तासाला दोन्ही पावले वर-खाली हलवा. पोटरीतले रक्त वाहते राहते. वेदनेची गोळी दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता वेळेवर घ्या. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर व्यायाम नीट होतो.

घरी सोडण्याआधी तपासा: एकट्याने पलंगातून उठता येते का, संडासला जाता येते का, पायऱ्या जमतात का. पायऱ्यांचा नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. आणि रक्त न गोठण्याच्या औषधाचा शेवटचा दिवस कोणता, हे कागदावर लिहून घ्या.

## टप्पा ७: पहिले सहा आठवडे, आधी सरळ मग वाकडे

मला सर्वांत जास्त या टप्प्याबद्दल सांगायचे आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते आणि तेही मायेपोटी.

घरी आलेला रुग्ण पलंगावर झोपतो. पाय ठणकतो. कुणीतरी प्रेमाने गुडघ्याखाली उशी सरकवते. लगेच बरे वाटते, कारण सुजलेला सांधा किंचित वाकलेला असतानाच सर्वांत सैल असतो. रात्रभर तो तसाच राहतो. तीन-चार आठवड्यांत मागचे आवरण त्याच स्थितीत आखडते आणि पाय पाच-दहा अंश वाकडाच राहतो. मग प्रत्येक पावलाला लंगडणे आणि मांडीचा स्नायू कायम ताणलेला. वाकण्यात दहा अंश कमी पडले तर जगता येते. सरळ होण्यात दहा अंश कमी पडले तर नीट चालता येत नाही.

उशी गुडघ्याखाली कधीही नको. द्यायचीच तर टाचेखाली.

1. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, गुडघा मोकळा लोंबू द्या. ५ ते १० मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. मागून ताण जाणवणारच.
2. त्याच स्थितीत मांडी आवळून गुडघा खाली दाबा. ५ सेकंद, १० वेळा.
3. मग वाकवणे: टाच पलंगावरून घासत मागे ओढा, शेवटी थोडे थांबा. नंतर खुर्चीत बसून, चांगल्या पायाने हलका रेटा देत.
4. शेवटी चालणे. थोडे थोडे, पण दिवसातून अनेकदा.
5. त्यानंतर पाय हृदयापेक्षा उंच ठेवून, मध्ये कापड घालून, १५-२० मिनिटे बर्फ.

रोजची तपासणी: सपाट पलंगावर पाय पसरा आणि घरच्या कुणाला तरी गुडघ्यामागे तळहात सरकवायला सांगा. मांडी आवळल्यावर हात पलंगावर दाबला गेला पाहिजे. हात आरपार सहज सरकत असेल तर वाकवण्याचा व्यायाम थोडा कमी करून सरळ करण्याला वेळ द्या.

साधारण अपेक्षा अशी: दोन आठवड्यांच्या आसपास ९० अंश, सहा ते बारा आठवड्यांत ११० ते १२०. खुर्चीतून सहज उठायला ९० च्या थोडे पुढे लागते. सहा आठवड्यांनीही ९० गाठले नसतील तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. भूल देऊन सांधा वाकवण्याचा उपाय पहिल्या बारा आठवड्यांतच जास्त उपयोगी पडतो.

उलट चूकही होते. दुसऱ्या आठवड्यात जोश येतो, माणूस तासभर चालतो, रात्री गुडघा फुगतो आणि फुगलेला गुडघा वाकतही नाही, सरळही होत नाही. सूज वाढली की त्या दिवशी चालणे अर्ध्यावर आणा, व्यायाम क्रमांक १ आणि २ चालू ठेवा.

## टप्पा ८: काय चालते, काय चालत नाही

घाबरायचे कारण नाही: जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, चालताना आतून टकटक, काही महिने राहणारी ऊब आणि संध्याकाळची सूज, पहिल्या महिन्यात तुटक झोप.

त्याच दिवशी फोन: जखमेतून येणारा स्राव थांबत नाही, लाली पसरते आहे, ताप आहे, बरे होत आलेले दुखणे अचानक वाढले आहे.

त्याच क्षणी हॉस्पिटल: पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, छातीत कळ, धाप. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

> प्रतिजैविक स्वतःहून सुरू करू नका, दुसऱ्या कुणी लिहून दिले तरी आधी ऑपरेशन केलेल्या सर्जनला दाखवा. गोळ्यांनी वरची लाली दबते, आतला संसर्ग रोपणाला चिकटून वाढत राहतो आणि सांध्यातले पाणी तपासले तरी जंतू सापडत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत पकडलेल्या संसर्गात सांधा वाचण्याची शक्यता बरीच असते.

## टप्पा ९: सहा आठवड्यांपासून वर्षापर्यंत

वॉकरकडून काठीकडे, काठीकडून मोकळे. हा बदल तारखेवर ठरवू नका. न लंगडता चालता येते का, हे पाहा. लंगडत मोकळे चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणे कितीतरी चांगले. गाडी चालवणे साधारण चार ते सहा आठवड्यांनंतर, गुंगी आणणाऱ्या वेदनेच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्यावर आणि ब्रेक जोरात दाबता येतो याची थांबलेल्या गाडीत खात्री केल्यावरच.

फिजिओथेरपी बहुतेक जण दुखणे थांबले की सोडतात. तेव्हा मांडीची ताकद दुसऱ्या पायापेक्षा अजून बरीच कमी असते. टप्पा ३ मधले तिन्ही व्यायाम पुन्हा सुरू करा आणि वर्षभर चालवा. सुधारणा त्या पूर्ण वर्षात होत राहते. पोहणे, सायकल, लांब चालणे चालते. धावणे आणि उड्या टाळा. पूर्ण उकिडवे बसता येईल असे गृहीत धरू नका. गुडघ्यावर टेकल्याने रोपण बिघडत नाही, पण बधिर त्वचेमुळे ते विचित्र वाटते. जखम भरल्यावर मऊ गादीवर सराव करा.

दाताचे काम करण्याआधी दंतवैद्याला रोपणाबद्दल सांगा. आगाऊ प्रतिजैविक सरसकट लागत नाही, तुमच्या बाबतीत हवे का ते सर्जनला विचारा. ऑपरेशननंतरचे एक्स-रे आणि रोपणाचा प्रकार व आकार लिहिलेला कागद जपून ठेवा. सर्जनने दिलेल्या अंतराने पुढचे एक्स-रे दुखत नसले तरी काढा, कारण रोपण सैल होण्याची सुरुवात कधीकधी दुखण्याआधी तिथेच दिसते. आणि वर्षानुवर्षे शांत असलेला गुडघा पुन्हा दुखू लागला तर व्यायाम वाढवून पाहू नका, आधी दाखवा.